सेवेचं पाचारण आहे की नुसती ओढ? नोकरी सोडण्याआधी कसं पारखावं

तरुणसंघ_नगर

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका तरुणाबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. वय २७, मेकॅनिकल डिप्लोमा, एमआयडीसीत कायम नोकरी. संडे स्कूल मनापासून घेतो. मध्यंतरी उपास-प्रार्थनेच्या सभेत बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकांनी त्याला सगळ्यांसमोर उभं करून सांगितलं, "देव तुला पूर्णवेळ सेवेसाठी बोलावतो आहे." घरी जाऊन त्यानं डोळे मिटून बायबल उघडलं तर बोट यशया ६:८ वर पडलं: 'हा मी आहे, मला पाठव'. आता महिनाअखेरीस राजीनामा देऊन सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) जायचं म्हणतो.

घरावर कर्ज आहे, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं आहे. आई म्हणते घाई नको. त्याला वाटतं, आई देवाच्या आड येते आहे. पाळकसाहेब नुकतेच बदलून आलेत, त्यांच्याशी तो अजून बोललेला नाही. "त्यांना काय माहीत माझं" म्हणतो.

पाचारण खरं आहे हे ओळखायचं कसं? अशा भविष्यवाणीला आणि अचानक समोर आलेल्या वचनाला किती वजन द्यायचं? आणि 'थांब, पारखून पाहू' असं म्हणण्यात आपलाच विश्वास कमी पडतो का, हेही मनात येतं.

वचनवाचक

सलाम. आधी उपदेशकांचं बोलणं. पौल भविष्यवाणीचा धिक्कार करू नका म्हणतो आणि पुढच्याच वचनात सगळं पारखून चांगलं ते धरा म्हणतो (१ थेस्सल. ५:२०-२१). करिंथच्या मंडळीला त्यानं कामाची रीतही घालून दिली आहे: दोघातिघांनी बोलावं, बाकीच्यांनी त्याची पारख करावी (१ करिंथ. १४:२९). तुमच्या सभेत बोलणं झालं, पारख झालीच नाही. पाहुणे निघून गेले आणि सगळा भार एका पोराच्या खांद्यावर राहिला. त्यांचं म्हणणं टाकून देऊ नका, वहीत तारखेसह लिहून ठेवा. पण त्या एकाच खांबावर घर उभारू देऊ नका.

यशया ६:८ आलं असेल तर त्याच्याबरोबर बसून तो अख्खा अध्याय वाचा. 'मला पाठव' म्हटल्याबरोबर ९व्या वचनापासून यशयाला कळतं की लोक ऐकतील पण समजणार नाहीत. ११व्या वचनात तो 'कुठवर?' असं विचारतो आणि उत्तर येतं, नगरं उजाड होईपर्यंत. हे वाचूनही त्याची तयारी टिकते का बघा. वचन खरोखर देवानं समोर ठेवलं असेल तर त्याच्या पुढची-मागची वचनंही त्यातच आली.

चिन्ह मागण्याचाही प्रश्न निघेलच. गिदोनानं रात्री लोकर बाहेर ठेवून दवाची खूण मागितली, तो दाखला लोक फार देतात. पण शास्ते ६:१४ मध्ये त्याला आज्ञा आधीच मिळाली होती. लोकर ठेवताना तो स्वतःच म्हणतो, 'तू सांगितल्याप्रमाणे'. देवाची इच्छा शोधायला नव्हे, डळमळीत मनाला आधार म्हणून त्यानं ती ठेवली. यहूदाच्या जागी मत्थियाला निवडायला चिठ्ठ्या टाकल्या त्या पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरण्याच्या, आधी (प्रे. कृत्ये १:२६). त्यानंतर सात सेवक निवडताना किंवा बर्णबा आणि शौल (म्हणजे पौल) यांना पाठवताना चिठ्ठ्यांचं नाव नाही. तिथे दिसते ती मंडळी, प्रार्थना आणि उपास.

आता मुख्य मुद्दा. पाचारणाला आतली आणि बाहेरची अशा दोन बाजू असतात, दोन्ही जुळल्याशिवाय पाऊल टाकू नये. आतली म्हणजे टिकून राहणारी ओढ आणि स्वच्छ हेतू. बाहेरची म्हणजे दानं दिसणं आणि ती ओळखून मंडळीनं हो म्हणणं. पौलाला दिमिष्काच्या वाटेवर येशूचं दर्शन झालं, तरी कित्येक वर्षांनी अंत्युखियाच्या मंडळीनं उपास-प्रार्थना करून हात ठेवले तेव्हाच त्याला त्या कामासाठी पाठवलं गेलं (प्रे. कृत्ये १३:१-३). त्रोवसला रात्रीचा दृष्टान्त एकट्या पौलाला झाला. मासेदोनियाला जायचं हा निष्कर्ष मात्र सोबत्यांनी मिळून काढला (प्रे. कृत्ये १६:९-१०).

लहानग्या शमुवेलाचंही तेच. हाक तीनदा आली आणि तीनही वेळा तो एली याजकाकडे धावला. ती हाक कोणाची हे ओळखलं एलीनं. त्या एलीचे मुलगे वाया गेले होते, आणि निरोपही त्याच्याच घराण्याविरुद्ध होता. तेव्हा पाळक नवीन आहेत, त्यांना काय कळणार, ही सबब चालणार नाही. याच आठवड्यात त्यांना भेटायला सांगा.

कसोटीसाठी १ तीमथ्य ३:१-७ घ्या. मंडळीच्या अध्यक्षपदाची इच्छा धरणं चांगलं, असं पहिलंच वचन म्हणतं, म्हणजे इच्छा असणं हा दोष नाही. पुढच्या यादीत शिकवण्याचं कसब एवढंच काय ते कौशल्य. बाकी बहुतेक सगळं चारित्र्याचं. शेवटी बाहेरच्यांची साक्ष मागितली आहे. कारखान्यात त्याच्या मशीनवर पुढच्या पाळीला येणारा माणूस त्याच्याबद्दल काय सांगतो? ही चौकशी सहसा कोणी करत नाही, आणि पुढे त्याचाच पस्तावा होतो.

नोकरी चालू ठेवून सहा महिने त्याला अशी कामं द्या ज्यांत माइक नाही: आजाऱ्यांच्या भेटी, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी प्रार्थना, दुखवट्याच्या घरी नुसतं बसणं, दोघांसोबत दानाचा हिशेब. सोबत दोन छोटे संदेश द्यायला लावा आणि प्रत्येकावर तिघांचं मत लेखी घ्या: एक वडीलधारा, एक तरुण आणि एक त्याच्याशी फारसं न पटणारा. पुष्कळांना ओढ असते ती व्यासपीठाची. ती दोन-तीन महिन्यांत दुखवट्याच्या घरी विरते. तिथेही टिकली तर मग पुढचं बोलू.

वसईचा_वाचक

वरच्या उत्तराशी सहमत. आम्ही कॅथोलिक, पण मनातल्या हालचाली पारखायची येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची जी पद्धत आमच्याकडे चालते ती कोणत्याही ख्रिस्ती माणसाला वापरता येईल.

१५२१ साली पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडून ते घरी पडून होते. वाचायला ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा तेवढ्या होत्या. मनात दोन स्वप्नं आलटून-पालटून येत: दरबारी पराक्रम करून एका थोर स्त्रीची मर्जी मिळवावी, किंवा संतांसारखं जगावं. रंगवताना दोन्ही सारखीच गोड लागत. फरक पडे तो नंतर. पहिलं ओसरलं की मन कोरडं आणि असमाधानी होई, दुसरं ओसरलं तरी आनंद मागे राही. त्यांची पुढची सगळी शिकवण या निरीक्षणातून वाढली आहे.

म्हणून सभेत त्या तरुणाला काय वाटलं याला फार महत्त्व देऊ नका. मंगळवारी दुसरी पाळी संपवून घरी येताना सेवेचा विचार आला तर तो मनात काय ठेवून जातो, ते विचारा. विश्वास, आशा, घरच्यांबद्दलची माया वाढते का? की धुसफूस, घाई, 'हे सगळे जगाचे लोक' असा तुच्छभाव? देवाकडे चाललेल्या माणसाच्या मनात देव शांती आणि बळ घालतो. टोचणी आणि घालमेल सहसा दुसरीकडून येते.

त्यासाठी एक वही ठेवायला सांगा. रोज रात्री १०-१५ मिनिटं. आधी दिवसाबद्दल आभार, मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांखालून घालायचा. चुकलेल्याची क्षमा, उद्यासाठी मागणं. आणि दोन ओळी: सेवेचा विचार कधी आला, कशानंतर आला, जाताना मन कसं ठेवून गेला. निदान सहा-आठ आठवडे हे न चुकता व्हावं. एकेका दिवसाची नोंद काही सांगत नाही, पण सलग वाचली की ओघ दिसतो. वाचताना शेजारी अनुभवी माणूस हवा. पाळक, फादर, एखादी सिस्टर, कोणीही चालेल. फक्त त्याच्या निर्णयात त्या माणसाचा स्वतःचा फायदा नसावा. सेमिनरीत मुलं पाठवायला उत्सुक असलेला माणूस इथे नको.

इग्नेशियस यांचे तीन नियम तुमच्या प्रसंगाला थेट लागतात.

मन कोरडं, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. कारखान्यात भांडण झालं त्या रात्री राजीनामा नाही, आणि प्रार्थना कोरडी झाली म्हणून 'पाचारण नव्हतंच' असंही नाही. उलट अशा वेळी प्रार्थना थोडी वाढवायची.

दुसरा नियम कमी लोकांना माहीत असतो, पण इथे सगळ्यात मोलाचा आहे. देवानं दिलेलं सांत्वन आणि ते सरल्यावर मनात उरलेली ऊब, या दोन वेळा वेगळ्या धराव्या लागतात. देवानं खरोखर स्पर्श केलेला असू शकतो. पण त्यानंतरच्या उबेत माणूस आपल्याच बुद्धीनं बेत आखतो आणि त्या बेतांवरही देवाची सही आहे असं समजतो. 'देवानं बोलावलं' हे एक आणि 'महिनाअखेरीस राजीनामा, याच सेमिनरीत, याच वर्षी' हे दुसरं. पहिलं खरं निघालं म्हणून दुसरं आपोआप खरं ठरत नाही.

तिसरा लपवाछपवीचा. इग्नेशियस सैतानाला फसव्या प्रियकराची उपमा देतात: मुलीनं बापाला काही सांगू नये एवढंच त्याला हवं असतं, बोलणं उघड झालं की डाव फसतो. जो विचार 'पाळकांना सांगू नको, आईला कळणार नाही' असं म्हणतो तो आधी उजेडात आणावा. देवाचा असेल तर उजेडात तो बिघडत नाही.

निर्णय कोणत्या अवस्थेत होतो, याचेही ते तीन प्रकार सांगतात. क्वचित देव असा बोलावतो की शंकेला जागाच उरत नाही, जसं जकात नाक्यावर बसलेल्या मत्तयाला. दुसरी अवस्था वहीतल्या चढ-उतारांतून कळते. तिसरीत मन शांत असतं, ओढ कुठेच नसते, तेव्हा विचार करून ठरवायचं. एका पानावर चार रकाने आखायचे: गेलो तर फायदे, गेलो तर तोटे, राहिलो तर फायदे, राहिलो तर तोटे. मुद्दे मोजायचे नाहीत, तोलायचे. 'सुपरवायझरच्या जाचातून सुटेन', 'मंडळीत मान मिळेल' असली कारणं खुणेनं वेगळी काढा आणि उरलेल्यांकडे बघा. मग दोन प्रश्न: अगदी अनोळखी माणूस हाच पेच घेऊन आला तर त्याला काय सांगशील? मरणाच्या दारात उभा असताना काय निवडलेलं असावं असं वाटेल? उत्तर आलं की ते प्रार्थनेत देवापुढे ठेवून काही दिवस थांबायचं. शांती टिकली तर पुढे.

एक अट मात्र आहे. दोन्ही पर्याय चांगले असले पाहिजेत, आणि मन दोन्हींना मोकळं असलं पाहिजे. 'देवा, तू म्हणशील ते, पण सेमिनरीच' अशी प्रार्थना असेल तर अजून पारखायची वेळ आलेली नाही. आधी ते मोकळेपण मागायचं.

आणि पारखणं म्हणजे अविश्वास नव्हे. आमच्या ख्रिस्तसभेनं ते कायद्यातच घालून ठेवलं आहे. धर्मगुरूपदासाठी किमान सहा वर्षांचा अभ्यास, त्यात दोन वर्षं तत्त्वज्ञान, चार वर्षं ईशज्ञान (देवाविषयीचं शास्त्र). दीक्षेला वय २५ पूर्ण हवं. व्रतस्थ जीवनात नवदीक्षितांचं किमान १२ महिन्यांचं वर्ष, मग किमान तीन वर्षांची तात्पुरती व्रतं, त्यानंतर कायमची. या काळात कोणी परत गेलं तर ते पडणं मानत नाहीत. तो काळच त्यासाठी असतो.

शेतातला_मजूर

क्षमा असावी, पण हे सगळं वाचून वाटतं की वह्या आणि रकाने आखत बसलो तर हाकेला 'हो' कधी म्हणायचं? पेत्र-अंद्रिया लगेच जाळी सोडून येशूमागे निघाले (मत्तय ४:२०). नांगराला हात घालून मागे पाहणारा राज्याला योग्य नाही, असं प्रभू म्हणाला. घरच्यांचा निरोप घेऊ दे म्हणणाऱ्यालाच म्हणाला.

वचनवाचक

दादा, प्रश्न रास्त आहे. आज्ञापालनात चालढकल होऊ शकते, हे मान्य. ज्याला सगळं स्पष्ट झालं आहे आणि जो फक्त सुखासाठी टाळतो आहे, त्याच्यासाठी लूक ९:६२ जसंच्या तसं लागू आहे. या पोराला अजून स्पष्ट काय झालं आहे, एवढाच प्रश्न.

जाळ्यांचं म्हणाल तर ती पहिली भेट नव्हती. योहान १:३५-४२ वाचा. अंद्रिया आधी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिष्य होता. तो येशूकडे एक दिवस राहिला आणि मग भावाला घेऊन आला. लूकनं तर पेत्राच्या सासूचा ताप गेल्याचं आधी सांगितलं आहे (४:३८-३९), जाळी आणि नाव नंतर. ते 'लगेच' निघाले ते ओळखीच्या माणसामागे.

पौलाकडे बघा. दिमिष्काच्या वाटेवर त्याला सांगितलं काय? नगरात जा, तिथे तुला कळेल. आणि कळवायला हनन्या नावाचा शिष्य आला, तोही आधी कचरत. नंतर अरबस्तान, परत दिमिष्क, आणि तीन वर्षांनी यरुशलेम (गलती. १:१७-१८). दावीदाला अभिषेक झाला आणि तो परत मेंढरांकडे गेला. राजा झाला तेव्हा तीस वर्षांचा होता. मधली वर्षं वाया गेली असं पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही.

निरोपाचंही दुसरं उदाहरण आहे. एलीया संदेष्ट्यानं बोलावल्यावर अलीशानं आईबापांचं चुंबन घेऊन येतो म्हटलं तेव्हा एलीयानं अडवलं नाही. अलीशानं बैलजोडी कापली, औतांच्या लाकडावर मांस शिजवून लोकांना जेवू घातलं आणि मग निघाला (१ राजे १९:१९-२१). परतायची वाट बंद झाली, पण लोकांच्या देखत, घरच्यांना सांगून.

बसालेलची_लेक

आईबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

मार्क ७:९-१३ त्याला वाचून दाखवा. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूनं खडसावलं आहे. देवाचं नाव घेऊन घरची जबाबदारी टाळता येत नाही. आईचा शब्द शेवटचा असतो असं मी म्हणत नाही. तिला देवाच्या आड येणारी ठरवण्याआधी तिची भीती नेमकी कशाची ते विचारावं. बहुतेकदा ती हप्त्याची असते, आणि हप्त्याला उत्तर शोधता येतं.

लूक १४:२८ मधला बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो. तेच करायचं. एका कागदावर कर्जाची बाकी, महिन्याचा हप्ता, घरखर्च आणि आईच्या औषधपाण्याचा खर्च. बहिणीच्या लग्नात त्याचा वाटा किती, हे घरच्यांनी मिळून ठरवावं. सेमिनरीची फी, वसतिगृह, आणि अभ्यासाची सगळी वर्षं पगार बंद. मंडळी किंवा धर्मप्रांत काही भार उचलणार असेल तर ते लेखी घ्या. 'देव पुरवील' हे वाक्य कागद पूर्ण भरल्यानंतर म्हणायचं, भरण्याच्या ऐवजी नाही. निघाल्यावर पहिल्याच वर्षी घरून हप्ता थकल्याचे फोन येऊ लागले की अभ्यास सुटतो, आणि माणूस समजतो देवानं सोडलं.

आणखी एक. 'सेवा' म्हणजे पाळकाचा झगा एवढंच आपल्या मंडळ्यांत रुजलं आहे, त्याचं मला फार वाईट वाटतं. निर्गम ३१ मध्ये बसालेल नावाच्या कारागिराला देवानं आत्म्यानं भरलं ते सोनं, रुपं, पितळ, लाकूड यांच्या कामासाठी. पौल तंबू शिवून पोट भरत होता (प्रे. कृत्ये १८:३). पवित्रतेचं पाचारण सगळ्यांनाच आहे, असं कॅथोलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ साली स्वतंत्र प्रकरण लिहून सांगितलं. धर्मसुधारक मार्टिन लूथरनं ते चारशे वर्षं आधी मोच्याच्या आणि गवळणीच्या कामाबद्दल सांगितलं होतं. हा मुलगा कायमचा संडे स्कूल शिक्षक आणि सचोटीचा कामगार राहिला तर ते कमी दर्जाचं पाचारण, असं त्याच्या मनात असेल तर त्याचे चार रकाने आधीच कलले आहेत.

तरुणसंघ_नगर

फार मोलाचं मिळालं. पाळकसाहेबांना भेटायला तो तयार झाला आहे. दोन गोष्टी विचारतो. नोकरी न सोडता काही अभ्यास सुरू करता येतो का? आणि इतकं करून मंडळीनं 'नाही' म्हटलं तर त्यानं विश्वास कशावर ठेवायचा?

वचनवाचक

अभ्यासाचं: ईशज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटचा ख्रिस्ती अभ्यासाचा डिप्लोमा (डिप.सी.एस.) बाहेरून करता येतो, आणि घरबसल्या ईशज्ञान शिकवणाऱ्या बंगळुरूच्या टाफ्टी संस्थेचे अभ्यासक्रमही नोकरी करणाऱ्यांसाठीच आखलेले आहेत. एक वर्ष हे करून बघावं. रात्री पाळीवरून आल्यावर पुस्तक उघडलं जातं का, हीसुद्धा पारखच. पुढे बी.डी. (ईशज्ञानाची पदवी) करायची तर साधारणपणे पदवी मागतात, डिप्लोमावर थेट प्रवेश मिळेल असं धरून चालू नका. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसह दोन-तीन ठिकाणी पात्रता लेखी विचारा. मंडळीची आणि धर्मप्रांताची शिफारस आधी घ्यावी. शिफारशीविना स्वतःहून शिकून आलेल्याला दीक्षा मिळेलच असं नसतं, आणि मग पदवी हातात घेऊन माणूस कडवट होतो.

वसईचा_वाचक

'नाही' बद्दल. इग्नेशियस यांना खात्री होती की देव आपल्याला आयुष्यभर यरुशलेमात राहायला बोलावतो आहे. १५२३ला ते तिथे पोचलेही. तिथल्या फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी राहू दिलं नाही, परत जायचा हुकूम केला. ते परतले आणि तिशी ओलांडलेली असताना बार्सिलोनात पोरांच्या शेजारी बसून लॅटिनचं व्याकरण शिकू लागले. १५३७ला सोबत्यांसह व्हेनिसला पुन्हा यरुशलेमच्या जहाजाची वाट पाहिली. युद्धामुळे जहाज सुटलंच नाही. मग ते पोपकडे गेले आणि १५४०ला येशूसंघाला मान्यता मिळाली. हाक खरी होती, जागा त्यांनी धरली होती ती नव्हती.

आपल्याकडे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं बघा. १८९५ला बाप्तिस्मा, १९०४ला पाळकाची दीक्षा, आणि १९१७ला मिशनचं काम सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत. दोन वर्षांनी, १९१९ला ते गेले. पाळकपद ही त्यांची शेवटची पायरी नव्हती. एका निर्णयात आयुष्याचं पाचारण पूर्ण कळतं, ही अपेक्षाच त्या तरुणाच्या मनातून काढायला हवी. पुढचं एक पाऊल दिसेल तेवढं टाकायचं. विश्वास ठेवायचा तो बोलावणाऱ्यावर, स्वतःच्या आराखड्यावर नाही.

नकार आला तर कारण मागून घ्यावं. 'अजून नाही' असेल तर काय कमी आहे आणि पुन्हा कधी बघणार, हे विचारावं. 'हे नाही' असेल तर एक वर्ष मंडळीतली हातातली कामं तशीच चालू ठेवावी, मनातला कडवटपणा वहीत उतरत राहावा, आणि वर्षानं पुन्हा कोणाबरोबर तरी बसावं. नकार येताच दुसऱ्या मंडळीत जाऊन 'हो' मिळवणं सोपं असतं. तसं करू देऊ नका.

बसालेलची_लेक

पाळकसाहेबांच्या पहिल्या भेटीनंतर दुसरी भेट घरी ठेवता आली तर बघा, आई असताना. खर्चाचा कागद तिच्यासमोर उलगडा. तिचं म्हणणं घराबाहेरच्या कोणीतरी एकदा मध्ये न तोडता पूर्ण ऐकायला हवं.